चौथ्या मजल्यावरचं घर

"नको, नको. वरचंच बरं आहे," असं तो म्हणाला, आणि म्हणून झाल्यावर त्याच्या लक्षात आलं की पलीकडच्या बाईंचं वाक्य अजून पुरं झालेलंच नव्हतं. पडद्यावरच्या त्या बाई, घरं दाखवण्याचा धंदा करणाऱ्या, हातात फोन धरून चार मजले चढून आल्या होत्या. त्यांचा चेहरा दिसत नव्हता, दिसत होत्या हलत्या भिंती आणि ऐकू येत होती फक्त धाप. वर पोचल्यावर त्यांनी स्वयंपाकघर दाखवलं, मुलीसाठी छोटी खोली दाखवली, खिडकी उघडून समोरची उतरती छपरं दाखवली, आणि मग दोघांनाही परकी असलेल्या त्या भाषेत, शब्द शोधत शोधत त्या म्हणाल्या की याच इमारतीत तळमजल्यावरचंही घर कालच रिकामं झालंय, खोल्या तेवढ्याच, भाडं तेवढंच, तुमच्याबरोबर कोणी वयस्कर असेल तर... एवढ्यात त्याने नको म्हटलं. ठेच लागल्यावर हात आपोआप पुढे येतो तसं ते आलं. शेजारी बसलेल्या बायकोने मान वळवून त्याच्याकडे पाहिलं. मागे खुर्चीत आई बसली होती, चष्मा कपाळावर चढवून. तिला त्या भाषेतलं अक्षर कळत नव्हतं, पण पाहुण्यांशी नीट वागलं पाहिजे म्हणून ती मधूनमधून मान डोलवत होती. संभाषण संपलं तेव्हा तिने पडद्यातल्या बाईंना हात हलवून निरोपसुद्धा दिला. "बाई गोड आहे," ती म्हणाली. "पण किती धापा टाकते बिचारी. कुठे चढून गेली होती?"

गावं शोधायला लागून आता वर्ष होत आलं होतं. दोघांचीही कामं घरबसल्याची. तो नकाशांच्या कंपनीत, बायको शाळेची पुस्तकं तपासणारी. एका दुपारी, दोघं दोन खोल्यांची दारं लावून काम करत असताना, ती उठून त्याच्या दारात आली होती आणि म्हणाली होती, "घरीच बसून काम करायचं तर घर हेच कशाला हवं रे?" गमतीत म्हणाली होती. पण ते वाक्य मग घरातच राहायला आलं. परदेशात एक वर्ष. लेकीला वेगळी शाळा, वेगळी माणसं, आपल्याला वेगळी खिडकी. मग लग्नाला स्थळं बघावीत तशी त्यांनी गावं पाहिली. इंटरनेट कसं, डॉक्टर किती जवळ, ऑफिसच्या वेळेला तिथे रात्र तर होत नाही ना, राहायचा परवाना किती महिन्यांचा. एका गावाला शाळा नव्हती, एकाला सूर्य नव्हता, एका गावात सगळं होतं तर तिथल्या घरमालकाला मूल नको होतं. नकटीच्या लग्नाला सतराशे विघ्नं. आणि शेवटी हे गाव सापडलं होतं, सगळ्या चाळण्यांतून खाली उतरलेलं, आणि आता त्यातलं घरही सापडलं होतं. त्याला आनंद व्हायला हवा होता. त्याऐवजी त्याच्या तोंडाला पितळी भांड्यात ठेवलेल्या ताकासारखी चव आली होती.

त्याचं काम दारांचं होतं. जगातल्या कुठल्या कुठल्या रस्त्यांचे फोटो त्याच्यापुढे यायचे आणि त्याने नेमकं दार शोधून त्यावर खूण करायची. इमारतीचं दार पुढून आहे की बोळातून, पायऱ्या आहेत की उतार, मजले किती, लिफ्ट आहे का. सामान पोचवणाऱ्याने भलत्या बाजूला उभं राहू नये, चाकाच्या खुर्चीतल्या माणसाने दारापर्यंत येऊन परत फिरू नये, म्हणून. दिवसभर तो अनोळखी माणसांच्या दारांत उभा असायचा आणि एकाचीही बेल वाजवायचा नाही. हे इतकी वर्षं केल्यावर त्याला नुसत्या सावलीवरून जिन्याचा चढ कळायचा. ऑफिसात त्याला यावरून चिडवत. तर अशा माणसाने, तो त्या संध्याकाळी स्वतःशीच म्हणाला, गेल्या वर्षात पसंत केलेली घरं एकदा आठवून पाहावीत. पहिलं होतं डोंगरउतारावरच्या गावात, जिथला रस्ताच मुळी पायऱ्यांचा. दुसरं माळ्यावरचं, आत जायला लाकडी शिडीवजा जिना. तिसरं नदीकाठचं, सुरेख, पण घराच्या पोटातच गोल जिना. आणि आता हे. प्रत्येक वेळी तो बायकोला म्हणाला होता, उजेड बघ, हवा बघ, काय देखावा आहे. सपाट गावं त्याला आवडलीच नव्हती. का, तर सपाट गावं कंटाळवाणी असतात. हे आपण ठरवून केलं का? नाही, त्याने स्वतःला उत्तर दिलं, अजिबात नाही. पण ठरवून केलं असतं तर यापेक्षा वेगळं काय केलं असतं, हा प्रश्न मात्र तो पुढे विचारायला धजावला नाही. चोराच्या मनात चांदणं म्हणतात, तसं त्याला त्या खोलीत फार उजेड वाटायला लागला आणि त्याने उठून दिवा मालवला.

बाबांना खाली आणलं तो जिना अजून त्याच्या हातांत होता. आठवणी डोक्यात असतात असं लोक उगाच म्हणतात. ही त्याच्या मनगटांत होती. आईबाबांचं तेव्हाचं घर तिसऱ्या मजल्यावर, इमारत जुनी, जिना चिंचोळा. खाली रुग्णवाहिका उभी आणि स्ट्रेचर काही केल्या वळणावर वळेना. मग स्वयंपाकघरातली खुर्ची आणली, बाबांना चादरीने तिला बांधलं, वरून दोन शेजाऱ्यांनी पाठ धरली आणि खालून पाय त्याने धरले. भार सगळा उतरत्या बाजूला, म्हणजे त्याच्याकडे. तो उलटा उतरत होता, त्यामुळे सबंध जिनाभर बाबांचा चेहरा त्याच्या चेहऱ्यासमोर, हातभर अंतरावर. आयुष्यात इतका वेळ ते दोघे एकमेकांकडे बघत कधी बसले नसतील. बाबा शरमले होते. "भिंतीला घासू नका रे, आत्ताच रंग दिलाय," असं काहीतरी ते शेजाऱ्यांना सांगत होते. आणि त्याच्या हातांना रग लागली होती, बोटं सुटत होती, घाम डोळ्यांत जात होता, आणि त्याच्या मनात एकच वाक्य होतं, लवकर संपू दे, लवकर संपू दे. जिना संपू दे, एवढाच त्याचा अर्थ होता. बाबा त्या रात्री गेले. त्यानंतर कितीतरी दिवस तो त्या वाक्याकडे वेगवेगळ्या बाजूंनी बघत राहिला आणि दर वेळी त्याला वाटायचं की अर्थ जिन्याचाच होता, आणि दर वेळी थोडं कमी वाटायचं.

त्यानंतर आई त्यांच्याकडे राहायला आली. आईचा त्रास होता असं कोणी म्हणालं असतं तर त्याने भांडण केलं असतं. ती कशात नसायची. गुडघे धरलेले, त्यामुळे खुर्ची ते पलंग आणि पलंग ते खुर्ची, मधे काठीचा टकटक आवाज. नातीला तिने मुंगी हे नाव दिलं होतं, कारण पोर एका जागी ठरायची नाही. "दुखणं हत्तीच्या पायानं येतं आणि मुंगीच्या पायानं जातं," आई म्हणायची, "तर या मुंगीच्या पायानं माझंही जाईल कधीतरी." घरी बसलेला माणूसही कामावर असू शकतो, हे मात्र तिला काही केल्या पटायचं नाही. तासातासाने ती दाराशी येऊन विचारायची, "आहेस का?" तो आतून म्हणायचा, "आहे." मग टकटक परत जायची. एवढंच. याला त्रास म्हणायचं? पण त्या टकटकीबरोबर त्याची मनगटं दुखायला लागायची. काठी जरा अडखळली की त्याचा हात फोटोवर थांबायचा आणि तो कान देऊन बसायचा, आता पडेल, आता हाक येईल, आता खुर्ची, आता चादर. आईवर त्याचं प्रेम नव्हतं असं नाही. होतं, भरपूर होतं. पण त्याला एक वर्ष असं हवं होतं की ज्यात कोणाला उचलावं लागणार नाही. हे वाक्य तो कोणाला सांगू शकला नसता. ते सांगायला तोंड लागतं, आणि जिन्याला तोंड नसतं. जिना काही न बोलता माणसाला खालीच ठेवतो.

"खालचं का नको म्हणालास?" बायकोने विचारलं ते दुसऱ्या दिवशी, स्वयंपाकघरात, ओट्याकडे तोंड करून.

"ओल असते खाली. उजेड नसतो. रस्त्यावरून सगळं दिसतं आतलं."

"बघितलंस कुठे तू ते?"

"एवढी दारं बघतो मी रोज. कळतं."

ती पातेलं घासत राहिली. "आणि आईंचं काय?"

"आईच नाही म्हणेल बघ. एवढ्या लांब तिला कुठे जमणार. धाकटी मावशी केव्हाची मागे लागलीये, ये माझ्याकडे म्हणून. दोघी बहिणी राहतील मजेत."

"तू विचारलंस त्यांना?"

"विचारीन की."

"मी धरून चालले होते की त्या येणार," बायको म्हणाली. "म्हणून तर मी वर्षभर डॉक्टर जवळ हवा, डॉक्टर जवळ हवा करतेय. मला काय धाड भरलीये डॉक्टर शोधायला?" तिने नळ बंद केला आणि हात पुसले. बायको सुनेच्या तोंडाने नको म्हणेल आणि आपण मुलाच्या तोंडाने गप्प बसू, अशी काहीतरी सोय आपण मनातल्या मनात करून ठेवली होती की काय, असं त्याला वाटलं; आणि ती सोयही आता राहिली नव्हती.

जेवताना त्याने सांगितलं. विचारलं नाही, सांगितलं. घर छान आहे, मोकळं आहे, शाळा चालत जाण्यासारखी आहे. फक्त चौथा मजला आहे आणि लिफ्ट नाही. एवढं बोलून त्याने भाताचा घास घेतला आणि तो वाट बघत राहिला. आईने आता म्हणावं, छे रे बाबा, मला कुठे झेपतंय ते, तुम्ही जाऊन या. ती असं म्हणाली की तो दोनदा आग्रह करणार होता. आग्रहाची वाक्यंसुद्धा त्याच्याजवळ तयार होती.

"चौथा म्हणजे तळमजला धरून की सोडून?" आईने विचारलं.

"सोडून."

"अस्सं." तिने थोडं वरण वाढून घेतलं. "बघू."

"आजी, मी तुला ढकलत नेईन वर," मुंगी म्हणाली.

"तू ढकलशील, पण मधेच फुलपाखरू दिसलं की सोडशील," आई म्हणाली, आणि दोघी हसल्या. बायको त्याच्याकडे बघत होती. त्याने तळमजल्याबद्दल काही सांगितलं नाही. बायकोनेही सांगितलं नाही, ते त्यानेच सांगायचं आहे असं तिच्या बघण्यात होतं.

मग काही दिवस घर फार शांत गेलं. दाराशी टकटक येईनाशी झाली. दुपारी आई घरात नसायचीच. चपला घालून, काठी घेऊन, लिफ्टच्या बाजूला जायची आणि तास-दीड तासाने परतायची. शेजारच्या काकूंकडे जात असेल, त्याला वाटलं. जाऊ दे, निरोप घेत असेल, मावशीकडे जायचं मनात येत असेल हळूहळू. कामात त्याचं चित्त लागायला हवं होतं, तर उलट तो दर थोड्या वेळाने दाराकडे बघायचा. विचारायला कोणी आलं नाही की आपण आहोत हे कशावरून, असं काहीतरी विचित्र डोक्यात यायचं. रात्री आईच्या खोलीतून मलमाचा उग्र वास येऊ लागला. ती जेवून लगेच आडवी व्हायची, पलंगावर बसताना ओठ घट्ट मिटायची. बायको म्हणाली, "आईंचे गुडघे जास्तच धरलेत हल्ली. विचारलं तर हसण्यावारी नेतात." आणि त्याला, देवाशपथ, बरं वाटलं. आईला दुखतंय याचं नाही; पण बघा, मी म्हणत नव्हतो का, या पायांनी कुठे जमणार आहे, असं आतून कोणीतरी म्हणालं, आणि त्या कोणाचा तरी आवाज हुबेहूब त्याचा होता. त्या दिवशी परदेशातल्या बाईंचा निरोपही येऊन पडला. उद्यापर्यंत नक्की कळवा. खालचं घर अजून कोणी घेतलेलं नाही, तेही एकदा पाहून घ्यावं.

दुसऱ्या दिवशी दुपारी मावशीचा फोन आला, आईला दे म्हणाली. आई नव्हती. तो शेजारी गेला. काकूंनी दार उघडलं आणि कपाळाला आठ्या घातल्या. "आमच्याकडे? नाही हो. कितीतरी दिवसांत आल्या नाहीत त्या. मी तुम्हालाच विचारणार होते, रागावल्यात का म्हणून." तो लिफ्टकडे गेला. लिफ्टच्या दारावर दुरुस्तीची पाटी लटकत होती, ती नुकतीच बंद पडली होती. खाली वॉचमनला विचारावं म्हणून तो जिन्याकडे वळला. त्या जिन्याने त्यांच्या इमारतीत कोणी यायचं जायचं नाही, कोपऱ्यात कोणाच्या सायकली, कोणाची वाळलेली कुंडी. आणि त्याला वरून श्वास ऐकू आला. पायांचा आवाज नाही, काठीचा नाही, नुसता श्वास, ओढून घेतलेला, थांबलेला, पुन्हा ओढलेला. तो वर धावला. दर वळणावर त्याला वाटत होतं की इथे ती पडलेली दिसेल. ती सगळ्यात वर होती, गच्चीच्या बंद दाराशी, शेवटच्या पायरीवर बसलेली, काठी मांडीवर आडवी. चेहरा लालबुंद, केस कपाळाला चिकटलेले, पदराने मान पुसत होती.

"अरे देवा," आई म्हणाली, "पकडलंस का!"

"आई, काय करतेस तू इथे?"

"ओरडू नकोस. बस. थांब, मला जरा... हं." तिने छातीवर हात ठेवून श्वास खाली बसवला. मग त्याच्याकडे बघून ती हसली. इतकी मोकळी ती बाबा गेल्यापासून हसली नव्हती. "जमलं रे. आज मधे एकदाच बसले. आपला मजला दुसरा, म्हणून खाली जायचं आणि तळापासून सुरू करायचं, म्हणजे बरोबर चार होतात. पहिल्या दिवशी काय झालं सांगू? एकच मजला चढले आणि तिथेच मुटकुळं. म्हटलं, संपलं, पोराला सांगून टाकावं. मग म्हटलं, छे, प्रयत्न न करता कसं सांगायचं?"

"कोणी सांगितलं होतं तुला?"

"कोणी कशाला सांगायला हवं? तू त्या दिवशी जेवताना सांगितलंस आणि तुझा घास घशाखाली उतरेना. मला दिसत नाही का? बिचारा कचरतोय, म्हटलं, आईला न्यायचं तर आहे आणि मधे हा जिना येऊन पडलाय. तू नेहमीचाच तसा. लहानपणी कुणी खेळायला घेतलं नाही की घरी येऊन म्हणायचास, मलाच नको होतं." तिने त्याच्या गुडघ्यावर थाप मारली. तिचा तळवा गरम आणि ओला होता. "तेव्हा कळव त्या धापा टाकणाऱ्या बाईला. म्हणावं, म्हातारीही टाकेल तुझ्याबरोबर धापा."

त्याचा फोन खिशात होता. खालचं घर अजून रिकामं होतं. एक वाक्य बोलायचं होतं, फक्त एक, आणि तेही अवघड नव्हतं. आई, तिथे तळमजल्यावरही घर आहे, तुला चढायची गरजच नाही. ती हसली असती. आधी नाही का सांगायचं गाढवा, म्हणून तिने त्याला काठी दाखवली असती. जन्मभर तिने ती गोष्ट पाहुण्यांना सांगितली असती, की आमच्या शहाण्याने मला उगाचच चार मजले चढायला लावले. त्याने तोंड उघडलं. समोर तिचे पाय होते, चपलांतून बाहेर आलेले, घोट्यांशी सुजलेले, अजून थरथरणारे, आणि त्या थरथरीकडे बघताना त्याच्या मनगटांतली जुनी कळ वर सरकत खांद्यापर्यंत आली.

"तिथला जिना याहून उभा आहे, आई," तो म्हणाला.

आईचा हात त्याच्या गुडघ्यावरच राहिला. "याहून?"

"बराच."

"फोटो बघितलास तू?"

"हो."

ती जिन्याकडे बघत राहिली, आत्ताच चढून आलेल्या. या खोट्याला पुढची वाक्यं लागतील म्हणून पायऱ्या अरुंद आहेत, कठडा नाही, अशी वाक्यं तो भराभरा जमवत होता. पण तिने काहीच विचारलं नाही. "तुला ठाऊक असणार," ती म्हणाली. "तुझं कामच ते." मग तिने कपाळावरचे केस मागे सारले, चष्मा पदराने पुसला, पुन्हा पुसला, डोळ्यांवर चढवला. "मग राहू दे. मावशीला फोन करू संध्याकाळी. तिला आनंद होईल."

"तिनेच केला होता फोन आत्ता."

"हो का? मग बरंच झालं." काठी मांडीवर सारखी करत ती म्हणाली, "मुंगीला मी काहीतरी सांगेन. मी येणार असं तिला सांगून बसलेय. तू नको बोलूस, तुला नीट खोटं बोलता येत नाही."

त्याला वाटलं, कळलं तिला. त्याने तिच्या चेहऱ्याकडे पाहिलं. चेहऱ्यावर काही नव्हतं, थकवा होता, आणि दुपारचं ऊन गच्चीच्या दाराच्या फटीतून तिच्या गालावर पडलं होतं. कळलं असेल किंवा नसेलही. विचारायची सोय त्याने स्वतःच ठेवली नव्हती.

ती उठायला गेली आणि पुन्हा बसली. "एक पंचाईत आहे," ती जराशी ओशाळून म्हणाली. "चढायची सवय केली, पण उतरायचं रोज लिफ्टने. आज मी चढत होते तेवढ्यात ती बंद पडली, हे वर आल्यावर कळलं मला. उतरताना गुडघा धरतच नाही रे. मघापासून त्याच विचारात बसले होते, की हाक मारावी तर कोणाला ऐकू जाणार."

तो एक पायरी खाली उतरला आणि तिच्याकडे तोंड करून उभा राहिला. "धर मला," तो म्हणाला. तिने काठी त्याच्या हातात दिली आणि दोन्ही हात त्याच्या खांद्यांवर ठेवले. तो उलटा एक पायरी खाली गेला, ती एक पायरी खाली आली. पुन्हा तो, पुन्हा ती. तिचा श्वास त्याच्या कपाळावर येत होता. त्याने पाय घट्ट रोवले, पोट आवळलं, भार यायची तयारी केली, आता येईल, आता येईल. ती पायरीगणिक त्याच्यावर सगळी टेकत होती, अंग सोडून, पूर्ण भरवशाने, आणि खांद्यांवर काहीच येत नव्हतं. एखाद्याने धुतलेलं लुगडं वाळत टाकायला खांद्यावर द्यावं, तेवढंच. वळणापाशी ती थांबली.

"जड होतंय का रे?" आईने विचारलं.

"नाही गं," तो म्हणाला, आणि ते खरं होतं.